एलएमएस घ्यावं की नॉलेज बेस? आधी रात्रपाळीचे प्रश्न गोळा करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. कायम, कंत्राटी आणि शिकाऊ धरून अडीचशेच्या आसपास माणसं, तीन पाळ्या. एचआरचं म्हणणं, कर्मचारी प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर म्हणजे एलएमएस घ्या. कोणाचं कुठलं ट्रेनिंग झालं ते एका जागी दिसेल आणि ऑडिटच्या आधीची धावपळ थांबेल. क्वालिटीचं म्हणणं, नॉलेज बेस म्हणजे कामाच्या माहितीच्या पानांचा शोधता येणारा साठा घ्या, कारण चालू एसओपी (काम करण्याची ठरलेली लेखी पद्धत) कुठल्या फोल्डरमध्ये आहे हेच कोणाला सापडत नाही. यंदा पैसे एकाचेच मंजूर होणार. दोन्ही विक्रेते छातीठोकपणे सांगतात की आमच्यात दुसऱ्याचंही काम होतं. तर आधी काय घ्यावं?

माझं उत्तर: आधी नॉलेज बेस. ट्रेनिंगचं रेकॉर्ड अजून वर्षभर एक्सेलमधल्या स्किल मॅट्रिक्सवर (कोणाला कुठलं काम किती येतं याच्या तक्त्यावर) ठेवा, पण ती मॅट्रिक्स खरोखर अद्ययावत ठेवा. काही कारखान्यांसाठी निर्णय याच्या उलट असायला हवा. तुम्ही त्यांच्यात मोडता का हे तुम्हालाच तपासता यावं, म्हणून कारणं सविस्तर देतो.

दोन्ही सॉफ्टवेअरच्या डेमोमध्ये व्हिडिओ, क्विझ, सर्च, मोबाइल ॲप हे सगळं सारखंच दिसतं. खरा फरक नोंद कोणाच्या नावावर होते यात आहे. एलएमएसमध्ये ती माणसाच्या नावावर होते: यानं कोणता कोर्स कधी पूर्ण केला, किती गुण पडले, पुन्हा कधी करायचा. नॉलेज बेसमध्ये ती विषयाच्या नावावर होते: हे पान कशाबद्दल आहे, जबाबदारी कोणाची, शेवटचा बदल कधी झाला, त्याआधी काय लिहिलेलं होतं. म्हणून ‘अमक्याला हे काम येतं का?’ या प्रश्नाचं उत्तर एलएमएस देतं आणि ‘हे काम कसं करायचं?’ याचं उत्तर नॉलेज बेस देतो. तुमच्याकडे यातला कुठला प्रश्न रोज अडतो, एवढंच आधी शोधायचं आहे.

दुसऱ्या पाळीत रात्री अकराला सीएनसी मशीनवर चकचं (पार्ट घट्ट धरणाऱ्या भागाचं) प्रेशर कमी असल्याचा अलार्म येतो. ऑपरेटरला दोन मिनिटांत उत्तर हवं आहे. त्याचं उत्तर एखाद्या कोर्समधल्या बारा मिनिटांच्या व्हिडिओत असेल आणि तो व्हिडिओ पुढे ढकलता येत नसेल (कोर्स पूर्ण बघितला याची खात्री व्हावी म्हणून तसं कुलूप मुद्दाम लावतात), तर तो माणूस सॉफ्टवेअर उघडणारच नाही. तो सेटरला (मशीनची सेटिंग करून देणाऱ्याला) फोन लावेल, आणि त्याचं बरोबरच आहे. आता उलट बाजू बघा. पॉवर प्रेसवर डाय (साचा) बदलताना मेन बंद करून कुलूप आणि टॅग लावायचा असतो. हे काम कोणी पान वाचत वाचत पहिल्यांदा करू नये. ते आधी शिकवलेलं असावं, करून घेतलेलं असावं आणि त्याच्या नावापुढे सही असावी. या ठिकाणी शोधून वाचणं उशिराचं ठरतं.

कॉनराड गॉटफ्रेडसन आणि बॉब मोशर या दोघांनी माणसाला ज्ञानाची गरज कधी लागते याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: पहिल्यांदा शिकताना, आणखी खोलात शिकताना, शिकलेलं प्रत्यक्ष वापरताना, काही बिघडल्यावर, आणि पद्धत बदलल्यावर. पहिले दोन ट्रेनिंगचे. उरलेले तीन हातात काम असतानाचे, आणि कारखान्यातले बहुतेक दिवस या तिघांतच जातात. त्यात विसरण्याची भर पडते. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले पाठांतराचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती टिकतात हे त्यांनी मोजलं, आणि विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वात जास्त असतो असं त्यांना दिसलं. हाताचं काम हे निरर्थक अक्षरांपेक्षा बरं टिकतं हे खरं. पण महिन्यातून एकदाच लागणारी सेटिंग, तिमाहीत एकदा भरायचा फॉर्म, वर्षात दोनदा येणारा कस्टमर रिटर्न, या गोष्टी सोमवारच्या ट्रेनिंगमधून तीन महिन्यांनंतरच्या शनिवारी आठवत नाहीत. त्या शोधल्यावर सापडल्या पाहिजेत.

कोटेशन मागवण्याआधी दोन आठवडे एक काम करा. सुपरवायझर, सेटर, क्यूएचा (गुणवत्ता विभागाचा) इन्स्पेक्टर आणि स्टोअरचा माणूस, प्रत्येकाला एक छोटी वही द्या. त्यांना जो जो प्रश्न विचारला जाईल तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचा, सोबत वेळ आणि मशीन. उत्तर लिहायची गरज नाही. रात्रपाळी सोडू नका, कारण दिवसा शेजारी विचारायला कोणीतरी असतं आणि रात्री नसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले प्रश्नही त्यात घ्या. तुमच्या कारखान्याचा खरा नॉलेज बेस आज त्या ग्रुपमध्येच आहे, फक्त त्यात वर स्क्रोल करत बसावं लागतं.

दोन आठवड्यांनी वह्या घेऊन बसा आणि प्रश्नांचे तीन ढीग करा. ‘बोअरचा साइज सरकतोय, काय बघू?’, ‘नवीन व्हेंडरचा कोड कुठे टाकायचा?’, ‘या पार्टला जुना गेज चालेल का?’ हे पहिल्या ढिगात. उत्तर ठरलेलं आहे, पण सापडत नाही. ‘मायक्रोमीटर धरायचा कसा?’, ‘कंट्रोल प्लॅनमधली (काय, कधी आणि कसं तपासायचं याच्या तक्त्यातली) ही खूण काय सांगते?’ हे दुसऱ्या ढिगात. पान उघडून दिलं तरी कळणार नाही, कारण मुळातलं शिकणं राहिलं आहे. तिसऱ्या ढिगाकडे सहसा कोणी बघत नाही: ‘हा लॉट सोडू का?’, ‘डेव्हिएशन (ठरलेल्यापेक्षा वेगळा माल चालवायची परवानगी) कोण देणार?’, ‘सेटर आला नाही, मी ऑफसेट (मशीनच्या मापात दुरुस्ती) देऊ का?’ हे प्रश्न माहितीचे नाहीत, अधिकाराचे आहेत. त्यांचं उत्तर प्लांट हेडनं ठरवून द्यायचं असतं. ते ठरलेलं नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी रात्री अकराचा फोन वाजतच राहतो, आणि वर्षअखेरीला दोष सॉफ्टवेअरवर येतो. म्हणून हा ढीग खरेदीच्या आधी संपवा.

पहिला ढीग मोठा निघाला तर नॉलेज बेस, दुसरा मोठा निघाला तर ट्रेनिंग. सुटे भाग बनवणाऱ्या, माणसं बऱ्यापैकी टिकून असलेल्या मध्यम कारखान्यांत मला पहिलाच ढीग मोठा दिसत आला आहे. तुमचा प्रश्न वाचूनही तसंच वाटतं, कारण एसओपी सापडत नाही ही तक्रार क्वालिटीनं स्वतःहून मांडली आहे.

ऑडिटचं काय?

एचआरचा हा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासायला हवा. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकातलं कलम ७.२ सक्षमतेबद्दल आहे. काम करणारा माणूस त्या कामाला सक्षम असावा आणि त्याचा पुरावा जपून ठेवावा, अशी त्याची मागणी. पुरावा एलएमएसमध्येच असावा असं त्यात कुठेही नाही. त्याच मानकात कलम ७.१.६ आहे: संस्थेला आपलं काम चालवायला जे ज्ञान लागतं ते ओळखावं, राखावं आणि गरजेपुरतं उपलब्ध ठेवावं. ७.५ आहे कागदपत्रांच्या नियंत्रणाबद्दल. म्हणजे ट्रेनिंगचं रेकॉर्ड जितकं ऑडिटला लागतं तितकीच सापडणारी, चालू आवृत्तीतली माहितीही लागते.

वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक आयएटीएफ १६९४९:२०१६ याहून पुढे जातं. त्यातलं कलम ८.५.१.२ म्हणतं की प्रमाणित कामाच्या सूचना कामगारांपर्यंत पोचलेल्या आणि त्यांना समजलेल्या असाव्यात, वाचता येण्यासारख्या असाव्यात, त्या पाळणाऱ्यांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात आणि कामाच्या जागेवर हाताशी असाव्यात. ऑडिटर कॉन्फरन्स रूममधली फाइल बघतो, हे खरं. पण नंतर तो लाइनवर येतो, मशीनवर लावलेल्या वर्क इन्स्ट्रक्शनचा रिव्हिजन नंबर वाचतो, मास्टर लिस्टशी ताडून बघतो आणि ऑपरेटरला विचारतो, ‘पार्ट नापास झाला तर काय करता?’ लाइनवर जुनी रिव्हिजन लटकत असली तर एनसी (ऑडिटमधली त्रुटीची नोंद) तिथेच पडते. ते दुखणं एलएमएसनं बरं होत नाही.

एक सावधगिरी मात्र लागते. नॉलेज बेस घेतला म्हणजे कागदपत्रांचं नियंत्रण आपोआप झालं असं नाही. विकीच्या धाटणीच्या कित्येक साधनांत कोणीही पान बदलतो आणि बदल लगेच सगळ्यांना दिसतो, मंजुरीची पायरी मुळातच नसते. आयएटीएफच्या कारखान्यात कंट्रोल प्लॅन आणि वर्क इन्स्ट्रक्शन असे उघडे ठेवता येत नाहीत. म्हणून दोन थर वेगळे ठेवा. वर्क इन्स्ट्रक्शन, कंट्रोल प्लॅन, इन्स्पेक्शन स्टँडर्ड यांना रिव्हिजन नंबर, मंजुरी आणि मास्टर लिस्ट. ती फक्त क्यूए बदलणार. त्यांच्या शेजारी अनुभवाची पानं: अलार्म, सेटिंगच्या खुब्या, मागच्या तक्रारींचे धडे, वन पॉइंट लेसन (एकाच मुद्द्याचं छोटं टिपण). ही सुपरवायझरनं सुचवावीत आणि त्याच आठवड्यात चढावीत. पहिल्या थराचे नियम दुसऱ्याला लावले की पानं येणं थांबतं. दुसऱ्याचा मोकळेपणा पहिल्याला दिला की ऑडिटमध्ये अडकता.

लॉगिन, भाषा आणि मोबाइल

तुमचा निर्णय सगळ्यात जास्त याच गोष्टी ठरवतील आणि डेमोमध्ये यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

लाइनवरच्या माणसाकडे कंपनीचा ईमेल नसतो. एलएमएसला मात्र प्रत्येकाची वेगळी ओळख लागते, नाहीतर रेकॉर्ड कोणाचं? म्हणजे अडीचशे लॉगिन, अडीचशे पासवर्ड आणि कंत्राटी माणसं बदलत राहिली की दर महिन्याला नवी यादी. नॉलेज बेस वाचायला प्रत्येकाची वेगळी ओळख लागतेच असं नाही. लाइनच्या टोकाला एक टॅबलेट बसवला आणि तो वाचण्यापुरता उघडा ठेवला तर लॉगिन न करताच काम होतं. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे टॅबलेट किंवा किऑस्क लागणारच आहे. अनेकांनी मिळून एकच वाचनाचं लॉगिन वापरणं परवान्यात बसतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. काही साधनांत वाचणारे मोफत असतात आणि पैसे फक्त लिहिणाऱ्यांचे लागतात. काहींत प्रत्येक डोक्यामागे आकारणी असते. तुमच्याकडे लिहिणारे पंधरा-वीस आणि वाचणारे अडीचशे असतील, तेव्हा दरपत्रकातली ही एक ओळ सगळ्यात महाग पडू शकते.

भाषेचं पहिलं काम जुन्या फाइलींचं. मराठी एसओपी कित्येकदा श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाइलीतला मजकूर कॉपी करून नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नसतोच. पीडीएफ तशीच चढवली तर डोळ्यांना मराठी दिसते, पण सर्चला ती सापडत नाही. हे रूपांतर करायला वेळ लागतो. तो वेळापत्रकात धरा आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं व आकडे माणसाकडून तपासून घ्या. टॉलरन्समधलं (मापात चालणाऱ्या फरकातलं) एक दशांशचिन्ह हललं तर स्क्रॅप निघतो.

दुसरं सर्चचं. मराठीत शब्दाचं रूप बदलतं: मशीन, मशिनचा, मशीनवर. काही सॉफ्टवेअरचा सर्च नेमका तोच शब्द शोधतो आणि बाकीची रूपं सोडून देतो. शिवाय ऑपरेटर देवनागरीत टाइप करेलच असं नाही, तो रोमनमध्ये मराठी लिहील. म्हणून चाचणीच्या वेळी विक्रेत्याची नमुना पानं वापरू नका. तुमचीच पन्नास पानं चढवा आणि त्या वह्यांमधले प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत टाइप करून बघा. दहापैकी पाच सापडले नाहीत तर ते साधन तुमचं नाही, बाकी कितीही देखणं असो.

खरं तर लाइनवर सर्च टाळलेलाच बरा. प्रत्येक मशीनवर एक क्यूआर कोड चिकटवा. टॅबलेटनं तो वाचला की त्याच मशीनचं पान उघडावं: चालू वर्क इन्स्ट्रक्शन, नेहमीचे अलार्म, सेटिंगची पानं. ऑपरेटरला एक अक्षरही टाइप करावं लागू नये. चाकणमध्ये मराठवाड्यातला आणि विदर्भातला मुलगा उत्तर प्रदेशातल्या, बिहारमधल्या, ओडिशातल्या मुलाच्या शेजारी उभा असतो, त्यामुळे पान मराठी आणि हिंदी दोन्हीत हवं आणि फोटो जास्त हवेत. फोटो तुमच्याच मशीनचा हवा. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकातला नको.

पान कसं असावं याचा एक नमुना देतो. शीर्षक प्रश्नाच्या भाषेत: ‘शिफ्टच्या सुरुवातीला बोअरचा साइज सरकतो’. खाली पहिली ओळ कारणाची: मशीन थंड असताना सुरू केलं की स्पिंडल तापेपर्यंत मापं हलतात. मग क्रमानं काय बघायचं. वॉर्म-अप सायकल पूर्ण झाली का? मास्टर लावून एअर गेज पुन्हा सेट केला का? इन्सर्टचा काउंटर कुठे आहे? कूलंटची पातळी बरोबर आहे का? त्यानंतर ठळक अक्षरांत मर्यादा: ऑपरेटरनं स्वतः किती ऑफसेट द्यायचा, आणि त्यापुढे मशीन थांबवून कोणाला बोलवायचं. तळाशी पानाची जबाबदारी कोणत्या पदावर, शेवटचा बदल कधी झाला, आणि मंजूर वर्क इन्स्ट्रक्शनची लिंक. एवढंच. प्रस्तावना नको, हेतू नको, व्याप्ती नको. ऑडिटच्या साच्यात लिहिलेल्या एसओपीची पहिली दोन पानं हेतू-व्याप्ती-व्याख्यांची असतात आणि ऑपरेटर तिसऱ्या पानापर्यंत पोचतच नाही.

हे लिहिणार कोण? सुपरवायझर लिहिणार नाही. त्याला लिहिता येत नाही असं अजिबात नाही, त्याच्याकडे वेळ नसतो. त्यानं फोटो काढावा आणि दोन मिनिटं बोलून व्हॉइस नोट पाठवावी. तुमच्याकडे दरवर्षी जीईटी किंवा डीईटी (नवे पदवीधर किंवा पदविकाधारक शिकाऊ इंजिनिअर) येतात, त्यांच्यातल्या एका-दोघांना त्या नोटचं पान करायचं काम द्या. त्या मुलांना कारखाना कळतो आणि पानंही होतात. शेवटची नजर सुपरवायझरचीच. निवृत्तीला आलेल्या सेटरशी बोलताना ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारलं तर ते एसओपीच म्हणून दाखवतात. ‘आज काहीतरी बिघडतंय हे तुम्हाला कशावरून कळलं?’ असं विचारा. मग आवाज, चिपचा रंग, हाताला लागणारी थरथर अशा गोष्टी बाहेर येतात. सगळं कागदावर येणार नाही, काही गोष्टी शेजारी उभं राहूनच शिकायच्या असतात. पण कुठल्या गोष्टींसाठी शेजारी उभं राहावं लागेल, एवढं तरी लिहून ठेवता येतं.

नॉलेज बेस मरतो तो जुन्या पानांमुळे. एकदा दोनदा चुकीचं उत्तर मिळालं की माणूस पुन्हा फोनकडे वळतो आणि परत येत नाही. कन्सोर्टियम फॉर सर्व्हिस इनोव्हेशन या संस्थेनं १९९२ पासून घडवत आणलेल्या पद्धतीतला एक नियम इथे फार उपयोगी आहे: पान वापरलं जाणं हीच त्याची तपासणी. वापरणाऱ्याला चूक दिसली तर त्यानं तिथल्या तिथे खूण करायची. त्यासाठी प्रत्येक पानावर ‘हे चुकीचं आहे’ असं एक बटण असावं आणि ते दाबल्यावर निरोप पदावरच्या माणसाला जावा. जबाबदारी नावावर ठेवू नका, पदावर ठेवा, कारण माणूस नोकरी बदलतो. आणखी एक दुवा पक्का करा: ४एम चेंज. मशीन, माणूस, माल किंवा पद्धत बदलल्याचा फॉर्म निघाला की ‘कोणती पानं बदलायची?’ हा रकाना भरल्याशिवाय तो बंद होऊ देऊ नका.

आधी एलएमएस कोणी घ्यावं?

जिथे नोंद नसणं हाच धोका आहे त्यांनी. औषध कंपन्या अमेरिकेला माल पाठवत असतील तर तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या नियमांतलं २१ सीएफआर २११.२५ कर्मचाऱ्यांच्या सततच्या प्रशिक्षणाची मागणी करतं. तिथे एसओपीची रिव्हिजन बदलली की संबंधितांनी ती वाचून समजून घेतल्याची नोंद प्रत्येकाच्या नावावर लागते. हे हातानं सांभाळणं जिकिरीचं, तेव्हा एलएमएस आधी. ज्यांची माणसं शंभर गावांत विखुरली आहेत, म्हणजे डीलर, शाखा, फिल्ड सर्व्हिस, त्यांनाही एलएमएस आधी. आणि ज्या कारखान्यात दर महिन्याला गेटवर नव्या माणसांची रांग असते त्यांना इंडक्शनपुरतं एलएमएस फार हात देतं.

तुमच्यासाठी यातला शेवटचा मुद्दा तपासण्याजोगा आहे. कंत्राटी माणसं दर सहा-सात महिन्यांनी बदलत असतील तर दुसरा ढीग वाढलेला दिसेल. तरीही मी आधी डोजो (लाइनवर जाण्याआधी काम करून शिकायची जागा) नीट करायला सांगेन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत अननुभवी माणसं भराभर तयार करायची होती, तेव्हा ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री हा कार्यक्रम चालला. त्यातली काम शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची: माणसाची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर पाठीशी राहा. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि टोयोटानं ती आपलीशी केली. यातली तिसरी आणि चौथी पायरी स्क्रीनवर होत नाही. स्किल मॅट्रिक्समधलं चार भागांचं वर्तुळ आपण भरतो, त्यातला तिसरा भाग ‘स्वतंत्रपणे काम करतो’ असा असेल तर तो क्विझच्या गुणांवर भरायचा नसतो. प्रत्यक्ष काम बघून भरायचा असतो. एलएमएस असलं तरी ते बघणं सुटत नाही, आणि नसलं तरी अडत नाही.

महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचा दाखला तुमच्या एचआरनं दिला असेल. कलम १९ प्रमाणे मालकानं ठराविक काळानं कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे असतात आणि त्यांची संख्या वार्षिक अहवालात येते. हे करायलाच हवं, मनापासून करायला हवं. पण त्याला हजेरीपत्रक, तारीख आणि चांगला प्रशिक्षक पुरतो. एवढ्यासाठी एलएमएस लागत नाही.

एकातच दोन्ही, आणि साधनांची नावं

विक्रेत्यांचा ‘आमच्यात दोन्ही आहे’ हा दावा खोटा नसतो, पण एक बाजू मुळातली असते आणि दुसरी नंतर जोडलेली. ओळखायची खूण सोपी. एलएमएसवाल्याला सांगा: कोर्समधलं एक वाक्य बदला आणि ते ऑपरेटरला सर्चमध्ये लगेच दिसू द्या. कोर्स स्कॉर्मच्या (कोर्स बांधायच्या ठरलेल्या साच्याच्या) पॅकेजमध्ये बांधलेला असेल तर वाक्य बदलायला सगळं पॅकेज पुन्हा बनवावं लागतं, आणि आतला मजकूर बहुतेक वेळा सर्चला दिसत नाही. नॉलेज बेसवाल्याला सांगा: अमुक पानाची नवी रिव्हिजन ज्यांनी वाचलेली नाही त्यांची यादी काढा, आणि नोकरी सोडून गेलेल्यांचं रेकॉर्डही दाखवा. इथे बहुतेक अडखळतात.

फुकट मिळणाऱ्यांत मूडल हे जुनं आणि भरवशाचं एलएमएस आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेल्या मूडलची पहिली आवृत्ती २००२ साली आली. ते मुक्त स्रोत आहे, पण सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस तुमचा. नॉलेज बेससाठी बुकस्टॅक आहे. त्याची कपाट-पुस्तक-प्रकरण-पान ही रचना कारखान्याला सहज बसते: लाइन, मशीन, विषय, पान. डोकुविकीला डेटाबेसही लागत नाही. झोहो लर्नमध्ये मॅन्युअल आणि कोर्स दोन्ही आहेत. तुम्ही कारभार सांभाळायला ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते बनवणाऱ्या मुंबईच्या फ्रॅपेची लर्निंग आणि विकी ही दोन्ही साधनं बघा. मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीपासून असेल तर शेअरपॉइंटचे पैसे तुम्ही बहुधा भरतच आहात, मग चाचणी तिथूनच सुरू करा.

बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा. ॲटलासियन कंपनीनं आपल्या कॉन्फ्लुअन्स या नॉलेज बेसच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला, तेव्हा पुढेही आधार हवा असणाऱ्यांना त्या आवृत्तीवरून हलावं लागलं. कोर्सच्या बाबतीत स्कॉर्म हे प्रमाण आहे, त्यामुळे एका एलएमएसमधून दुसऱ्यात जाता येतं. नॉलेज बेसला तसं सर्वमान्य प्रमाण नाही. म्हणून सगळी पानं चित्रांसकट एचटीएमएल किंवा मार्कडाउनमध्ये काढता येतात का, हे चाचणीच्या काळातच काढून बघा.

हल्ली प्रत्येक विक्रेता एआयनं उत्तर देणारी खिडकी दाखवतो. साठा स्वच्छ असेल तर ती खरोखर उपयोगी पडते, विशेषतः बोलून प्रश्न विचारता येत असेल तर. पण साठ्यात जुनी आणि नवी रिव्हिजन दोन्ही असतील तर उत्तर कुठल्याही एकीतून येईल आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे येईल. उत्तरासोबत मूळ पान आणि त्याचा रिव्हिजन नंबर दाखवत नसेल तर लाइनवर ती बंदच ठेवा.

सुरुवात तीन मशीनपासून करा, सगळ्या प्लांटपासून नको. ज्या मशीनवरून सेटरला रात्री सर्वाधिक फोन जातात ती तीन घ्या, पहिल्या ढिगातले प्रश्न घेऊन त्यांची पानं करा, क्यूआर लावा आणि फोन कमी झाले का ते त्याच वह्यांमध्ये मोजा. तिमाहीनंतर पुढची लाइन.

एचआरला मोकळ्या हातानं परत पाठवू नका. त्यांच्या इंडक्शनची, सुरक्षेची आणि धोरणांची पानं पहिल्या महिन्यातच चढवा. ट्रेनिंगनंतरची छोटी परीक्षा गुगल फॉर्म्स किंवा मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सवर घ्या, प्रत्येक प्रश्नाखाली संबंधित पानाची लिंक द्या आणि निकाल स्किल मॅट्रिक्सच्या फाइलला जोडा. पुढच्या वर्षी एलएमएसचा प्रस्ताव आला तर त्याच पानांवर कोर्स उभे राहतील आणि मजकूर दोनदा लिहावा लागणार नाही. त्या प्रस्तावाच्या वेळी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: आकारणी नोंदवलेल्या माणसांवर आहे की त्या महिन्यात प्रत्यक्ष वापरणाऱ्यांवर, आणि सोडून गेलेल्या कंत्राटी माणसाचं रेकॉर्ड त्याचा परवाना दुसऱ्याला दिल्यावरही टिकतं का. दुसऱ्याचं उत्तर करारात लिहून घ्या.